नांगराखालचे रहिवासी

पिंपरीचं नाव लावणारा एक जीव मातीत राहतो. स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. महापालिकेच्या कुठल्याच यादीत तो नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि पिंपरीकरांत हजारात एकालाही तो माहीत नसेल. १९६०च्या आसपास इथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले सूक्ष्मजीव वेगळे काढून तपासत होते. त्या खटपटीतून हा जिवाणू पुढे आला, त्याच्यापासून हामायसिन नावाचं बुरशीवरचं औषध निघालं आणि बारशाला त्याला गावाचं नाव मिळालं. या पट्ट्याची ओळख करून देताना लोक स्कूटर, ट्रक आणि आता चाकणच्या मोटारी मोजतात. मला विचाराल तर गावाचा खरा मान त्या न दिसणाऱ्या रहिवाशाचा. कारखाने नंतर आले. मातीतली ही मंडळी त्याच्या किती आधीपासून इथे नांदत होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून मला हे कौतुक. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एच.ए. कंपनीची, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची, गोष्ट हमखास सांगते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने पेनिसिलिन बनवायला ती उभी केली. मुलांनी एच.ए. कॉलनी पाहिलेली असते, तिथलं मैदान पाहिलेलं असतं. पण मोठमोठ्या टाक्यांत तिथे बुरशी आणि जिवाणू पोसले जायचे, हे ऐकून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. बुरशी म्हणजे डब्यातल्या पोळीवर येते ती, आणि जिवाणू म्हणजे आजार, एवढीच त्यांची तोवरची ओळख.

मग मी त्यांना पहिल्या पावसाच्या वासाबद्दल विचारते. मृद्गंधावर मराठीत इतकं लिहून झालंय की त्यात भर घालायची माझी छाती नाही. फक्त एवढंच सांगते, की त्या वासातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवण्यात सगळ्यात पुढे स्ट्रेप्टोमायसिस घराण्यातले जिवाणू. ते हा वास कशाला सोडतात, याचा एक उलगडा २०२०मध्ये झाला. मातीत उड्या मारणारे, मोहरीहूनही लहान, स्प्रिंगटेल नावाचे प्राणी त्या वासाच्या रोखाने येतात, जिवाणू खातात, आणि अंगाला चिकटलेली व पोटातून गेलेली बीजं दुसरीकडे नेऊन टाकतात. म्हणजे ज्या वासावर आपण कविता केल्या, तो आपल्याला उद्देशून नव्हताच. मातीतल्या मातीत चाललेला तो व्यवहार आहे. आपण वाटेत उभे होतो, एवढंच.

या व्यवहारात आपण हात घालतो तो दोन वाटांनी. एक नांगर, दुसरी बाटली.

*

आमचं शेत चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला. दादा ते करतो. खरिपात बटाटा, रब्बीत कांदा, विहिरीला पाणी असेल तर एखादा वाफा टोमॅटो. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत एक फळी आहे, तिच्यावर त्याचा औषधांचा संसार. रिकाम्या बाटल्या, अर्ध्या बाटल्या, मापाचं झाकण, एक फाटका मास्क. त्यात सहा ग्रॅमची एक पुडी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती हातात घेऊन उन्हात आले. स्ट्रेप्टोसायक्लिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरी. करप्यासाठी आणलेली. डाळिंबवाले हीच पुडी तेल्यासाठी वापरत आले.

पुडीतल्या मिश्रणात मुख्य द्रव्य स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सापडलं, तेही शेतमातीतल्या जिवाणूपासूनच. क्षयाच्या रोग्यांना त्याने जीवदान दिलं. मातीत तो जिवाणू हे द्रव्य चिमूटभराच्याही हजाराव्या हिश्शाने बनवतो. आपण ते टाकीत किलोंनी वाढवलं, पुडीत भरलं आणि पाठीवरच्या पंपातून पुन्हा मातीकडे पाठवलं. माणसाची प्रतिजैविकं पिकांवर मारली तर त्यांना दाद न देणारे जंतू वाढतात, ही भीती बोलली जात होतीच; डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या या मिश्रणावर बंदी आणण्याचा मसुदा काढला. दादाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मग करप्याला काय मारू ते सांग. बंदी सगळेच सांगतात.”

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नसतं. म्हणून मी हल्ली बाटलीपासून नाही, मातीपासून बोलायला लागते.

आमच्याकडे कांद्यासाठी रान तयार करायचं म्हणजे त्याच्यावर बरेच सोपस्कार करायचे. उन्हाळ्यात पलटी नांगराने खोल नांगरट, ढेकळं महिना-दोन महिने तापत पडलेली. बटाटा निघाला की पुन्हा नांगर, कुळवाच्या दोन पाळ्या, आणि शेवटी रोटर. रोटाव्हेटर हे पूर्ण नाव फक्त अनुदानाच्या अर्जावर. रोटर फिरला की माती इतकी बारीक होते की पाय घोट्यापर्यंत रुततो. दादा बांधावर उभा राहून त्या रानाकडे बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं, आणि ते खोटं नाही. रोप लावणाऱ्या बायकांची बोटं दुखत नाहीत, गादीवाफा सरळ ओढला जातो, कांदा एकसारखा पोसतो.

नांगर घालायची वेळ तो यंत्राने ठरवत नाही. मूठभर माती घेऊन दाबतो, लाडू वळतो का बघतो, मग कंबरेइतक्या उंचीवरून सोडतो. लाडू फुटला तर वाफसा आला. फुटला नाही तर रान अजून ओलं, ट्रॅक्टर घातला तर दगडासारखी ढेकळं निघणार. प्रयोगशाळेत आम्ही हीच गोष्ट आकड्यांत मांडतो: मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या आणि बाकीच्या हवेने, अशा वेळी हवेवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम सगळ्यात जोरात चालतं. दादाचा लाडू आणि माझे ६० टक्के एकमेकांपासून फार लांब नाहीत. म्हणजे रान ज्या दिवशी नांगराला योग्य, त्याच सुमारास खालच्या मंडळींचाही कामाचा ऐन हंगाम असतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्यांच्या घरात लोखंड घालतो.

एका दुपारी वहिनीच्या ओट्यावर मी दोन काचेचे ग्लास मांडले. दोन्हींवर चहाच्या गाळण्या ठेवल्या, पाणी गाळणीच्या तळाला भिडेल इतकं भरलं. एका गाळणीत बांधावरचं, हरळीच्या मुळ्यांखालचं सुकं ढेकूळ ठेवलं, दुसरीत रोटर मारलेल्या वाफ्यातलं. दोन्हींचं रान तेच, माती तीच, मध्ये दोन पावलांचं अंतर. वाफ्यातल्या ढेकळाच्या कडा लगेच सुटल्या. बुडबुडे आले, चिखलाची धार खाली उतरली आणि ग्लासातलं पाणी गढूळ झालं. बांधावरचं ढेकूळ पाणी पीत राहिलं. रंगाने काळंभोर झालं, पण फुटलं नाही. वहिनी पदराला हात पुसत बघत होती. म्हणाली, “त्याला काय डिंक लावलाय?”

डिंकच असतो. जिवाणू चिकट साखरी द्रव्यं सोडतात, बुरशीचे केसाहून बारीक धागे मातीच्या कणांना गुंडाळून बांधतात, मुळं त्यात आपली भर घालतात. अशा बांधलेल्या रव्यांच्या आत हवेच्या आणि पाण्याच्या खोल्या असतात. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू मावतात ते या खोल्यांमुळे. भिंतीला लागून राहणारे वेगळे, दारात राहणारे वेगळे, जिथे हवा पोचत नाही त्या कोपऱ्यातले आणखी वेगळे.

यातल्या एका बुरशीशी कांद्याचं खास नातं आहे. कांद्याची मुळं आखूड, वरच्या वर पसरलेली, फारसे केस नसलेली. स्फुरद गोळा करण्यात कांदा तसा आळशीच. ते काम तो मायकोरायझा बुरशीवर सोपवतो. ती मुळाच्या आत घर करते आणि बाहेर आपले धागे लांबवर फेकते, मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देते, बदल्यात पानांनी केलेली साखर घेते. जगभरच्या प्रयोगशाळा या बुरशीचा अभ्यास करायला कांद्याचीच रोपं वापरत आल्या, ती याच अवलंबित्वामुळे. नांगर आणि रोटर हे धागे तोडतात. तुटल्यावर ते पुन्हा वाढतात. पण एका हंगामात चार वेळा तोडले तर कांदा लागेपर्यंत जाळं उभं राहत नाही. मग आपण १८:४६ खताची गोणी फोडतो आणि बुरशीने फुकट आणून दिलं असतं ते विकत घालतो.

नांगरटीनंतर जमीन सुपीक झाल्यासारखी का वाटते, हेही याच हिशेबात बसतं. रवे फुटले की आत वर्षानुवर्षं बंद असलेलं सेंद्रिय द्रव्य उघडं पडतं, हवा आत शिरते, आणि जिवाणूंची पंगत बसते. तेवढे दिवस नत्र मोकळं होतं, पीक हिरवंगार दिसतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात नांगरलेल्या रानातून उठणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. न नांगरलेल्या रानाच्या तो कितीतरी पट निघाला. जेवणावळी उठल्या की मात्र यजमानाचं कोठार रिकामं. दरवर्षी हेच होत राहिलं की सेंद्रिय कर्ब घसरतो, आणि खाली नांगराच्या तळाने व ट्रॅक्टरच्या ओझ्याने दाबलेला कडक थर तयार होतो. त्याच्यावर पाणी थांबतं आणि मुळं आडवी वळतात.

*

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. शाळेत हा किस्सा आम्हाला अंधश्रद्धेचा नमुना म्हणून शिकवला होता. आज तो वाचताना मला ते शेतकरी तितके भोळे वाटत नाहीत. लोखंडात विष नव्हतं, हे खरंच. पण लाकडी नांगर जमिनीला फक्त तास पाडायचा, हा नांगर ती उलथीपालथी करणार होता. खालचं वर, वरचं खाली. काहीतरी मोठं बदलणार आहे हे त्यांना कळलं होतं. फक्त कारण चुकलं होतं. आणि किर्लोस्करही चूक नव्हते. काळ्या रानातली हरळी, कुंदा यांची मुळं खणून काढायला माणसं आणि बैल थकून जायचे. तण हा शेतीचा खरा दावेदार होता, आणि तणाविरुद्ध नांगराइतकं मोठं हत्यार तेव्हा दुसरं नव्हतं.

तणाचा प्रश्न कांद्यात तर अधिकच. कांद्याची पात उभी, जमिनीवर सावली धरत नाही, त्यामुळे तणाला मोकळं आंगण मिळतं. पूर्वी खुरपणीला गावातल्या दहा-बारा बायका ओळीने बसायच्या. आता पहाटे आमच्या फाट्यावर उभं राहिलं की त्या बायकांच्या मुली आणि सुना दिसतात: डोक्याला स्कार्फ, गळ्यात आयकार्ड, हातात डबा, महाळुंगे-खराबवाडीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत. आठ तास सावलीत, महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ. उन्हात वाकून खुरपण्यापेक्षा हे बरं, यात मला तरी शंका नाही. चाकणच्या पट्ट्यात तणनाशक कुणी जाहिरात करून आणलं नाही. ते या बसमधून आलं. बस बायकांना घेऊन गेली आणि परतीच्या वाटेवर बाटली सोडून गेली.

कांद्याच्या लागवडीनंतर दोन-तीन दिवसांत दादा ओल्या रानावर पेंडिमेथॅलिन मारतो. नारिंगी-पिवळं औषध, हाताला लागलं तर डाग दोन दिवस जात नाही. तणाचं बी रुजताना त्याच्या कोवळ्या मुळाची पेशीविभागणी ते थांबवतं, आणि तण वर यायच्या आत मरतं. तिथवरची हकीकत बाटलीवर लिहिलेली असते. पुढची नसते. पुढे ते औषध जातं कुठे?

थोडं उन्हाने विघटित होतं, थोडं वाफ होऊन उडतं. बरंचसं मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. आणि जे उरतं, त्याचा हळूहळू फडशा पाडतात ते जिवाणू आणि बुरशी. मातीत पडलेल्या विषाचा खरा निकाल तेच लावतात. एखादं औषध अर्धं व्हायला किती दिवस लागतात याचे तक्ते पुस्तकांत असतात. पण तेच पेंडिमेथॅलिन एका रानात काही आठवड्यांत निम्मं होतं आणि दुसऱ्यात काही महिने घेतं. फरक औषधात नसतो. ऊब किती, ओल किती आणि खाणारी तोंडं किती, यात असतो.

ही तोंडं शिकतातही. घरातले वडीलधारे अण्णा होते तेव्हा आमच्याकडे बीएचसी या कीटकनाशकाच्या पावडरचा डबा असायचा. मुंग्यांना बीएचसी, हुमणीला बीएचसी, बियाण्याच्या कणगीभोवती बीएचसी. ती पावडर मातीत वर्षानुवर्षं टिकते म्हणून १९९७मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. पण त्याच्या आधीच, १९९०मध्ये, भारतातल्या शेतमातीतून असा एक जिवाणू वेगळा केला गेला होता जो हीच पावडर खाऊन जगतो. पुढे त्याचं नाव स्फिंगोबियम इंडिकम ठेवलं गेलं. माणसाने ते द्रव्य कीटकनाशक म्हणून वापरायला लागून अर्धं शतकही झालं नव्हतं, आणि कुणीतरी त्याच्यावर गुजराण करायला शिकलं होतं. मला या गोष्टीने हुरूप येतो आणि धाकही वाटतो. हुरूप अशासाठी, की माती हरत नाही. धाक अशासाठी, की ती कधी शिकेल याची तारीख आपल्या हातात नाही. आणि रोज उठून तिचं घर मोडलं तर शिकायला तिथे कुणी उरेलच असं नाही.

*

मग नांगर सोडावा का? महाराष्ट्रात हा प्रयोग करून बघितलेली माणसं आहेत. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र उभं केलं. गादीवाफे एकदाच करायचे, भात टोकायचा, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, पुन्हा नांगरायचं नाही. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी उसात नांगर सोडला आणि ‘तण खाई धन’ ही म्हण उलटी करून तणच जमिनीला देतं, असं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या रानात जागच्या जागी कुजणारी मुळं हेच खत. गांडुळं विकत आणावी लागत नाहीत, आपणहून येतात.

पण या दोन्ही वाटांवर एक बाटली उभी आहे. कापणीनंतरचे फुटवे आणि तण मारायला तिथे बहुधा ग्लायफोसेट लागतं. नांगराचं काम ते करतं. पुण्याजवळ १९५५मध्ये नोंदलं गेलेलं गाजर गवत आज प्रत्येक बांधावर आहे, त्यालाही लोक हेच मारतात. ग्लायफोसेट वनस्पतीतली एक रासायनिक वाट बंद करतं, जी माणसात नाही. म्हणून ते निर्धोक, असं विकणारे सांगायचे. पण तीच वाट बुरशीत आहे, कितीतरी जिवाणूंतही आहे. मातीत ते चिकणमातीला आणि लोहाच्या कणांना चिकटतं. स्फुरदाचं खत भरपूर घातलं तर जागेसाठी दोघांत चढाओढ लागते आणि ते पुन्हा सुटू शकतं. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त कीडनियंत्रणाच्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला. आमच्या फाट्यावरच्या दुकानात यामुळे काय बदललं, ते मी इथे लिहीत नाही.

म्हणजे नांगर ठेवला तर विष पचवणाऱ्यांचं घर मोडतं, आणि नांगर सोडला तर घर राहतं पण विष वाढू शकतं. त्यातही सरळ हिशेब नाही. न नांगरलेल्या रानात वरच्या दोन-चार बोटांत सेंद्रिय द्रव्य साठतं, जिवाणू वाढतात. मग औषध लवकर संपायला हवं ना? काही रानांत संपतं. काहींत उलट होतं, कारण तेच सेंद्रिय द्रव्य औषधाला इतकं घट्ट धरतं की ते जिवाणूच्या तोंडी लागत नाही. वरचा पालापाचोळा फवारा अडवतो, पावसाबरोबर वाहून जाणं कमी करतो, ओढ्यात जाणारी माती थांबवतो. पण गांडुळांची उभी बिळं तशीच राहतात, आणि फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस आला तर पाणी त्या बिळांतून, काळ्या मातीच्या भेगांतून, जिवाणूंची सगळी वस्ती ओलांडून थेट खाली उतरतं. आमच्याकडे माती हात-दोन हात, मग मुरूम, मग काळा पाषाण आणि त्याच्या फटीतलं पाणी. विहीर शेताच्या कडेलाच. नांगराने ही बिळं मोडतात, तेवढा त्याचा उपकार. पण तोच औषध खोल गाडतो, जिथे खाणारी तोंडं कमी आणि दिवस जास्त.

इतकं सगळं ऐकून दादाने मला विचारलं, “म्हणजे तुझ्या पुस्तकात नांगर चांगला का वाईट, ते लिहिलेलंच नाही?”

लिहिलेलं नाही, कारण प्रश्न नांगराचा नाही. मधल्या काळाचा आहे. दोन नांगरटींच्या मध्ये, दोन फवारण्यांच्या मध्ये, खालच्या मंडळींना घर सावरायला किती दिवस मिळतात आणि तेवढ्यात त्यांच्या पोटात काय पडतं? नुसतं औषध खाऊन बहुतेक जिवाणू जगत नाहीत. काड, मुळं, शेण, पाला यांवर त्यांचा संसार चालतो. औषध ते जाता जाता मोडतात. जेवणच नसेल तर मोडणारे हात येणार कुठून? कांद्याची पात पेटवून, रान स्वच्छ दिसावं म्हणून काडीन् काडी वेचून, त्यावर रोटर फिरवून आपण त्यांना उपाशी ठेवतो आणि मग औषध मातीत का साठतं म्हणून माती-पाण्याचे नमुने तपासायला पाठवतो.

*

माझं घर पिंपळे सौदागरला, अकराव्या मजल्यावर. या गावाचा एक जुना कागद माझ्या संग्रहात आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७मध्ये दख्खनच्या एका खेड्यातल्या जमिनीचा आणि कष्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. १७७१ साली इथे सरासरी धारण ४० एकरांची होती, १९१४-१५पर्यंत ती ७ एकरांवर आली होती, अशी त्यांची नोंद. मॅनना काळजी होती जमिनीचे तुकडे पडण्याची. आज माझ्या खिडकीतून तुकडेही दिसत नाहीत. त्यांनी मोजलेली माती तळघरातल्या वाहनतळाखाली गेली, किंवा खोदकामातून डंपरने कुठेतरी भरावाला पडली. सगळ्यात खोल नांगरट जेसीबी करतो, आणि त्यानंतर पेरणी नसते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या बागेसाठी पोयटा मागवला. डंपर रिकामा झाला तेव्हा मी खाली गेले. चाकणच्या बाजूची माती आहे, चांगली आहे, असं चालक म्हणाला. एखाद्या लेआउटच्या रस्त्यासाठी वरचा थर खरवडून काढलेला असणार. ढिगात एक सुकलेला कांदा होता, अंगठ्याएवढा, रानात राहून गेलेला. माळ्याने तो फेकला. दोन आठवड्यांत ढिगातून तण उगवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला: तणनाशक मारायचं का? मी लिहिलं की नको, उपटून तिथेच टाका. तीन अंगठे आले, बाकीचे गप्प. मोफत कामाला इतकी माणसं कुठून आणायची, असं सचिवांनी नम्रपणे कळवलं. चाकणच्या फाट्यावरचाच प्रश्न अकरा मजले चढून आला होता.

म्हणून मी शेतकऱ्याला उपदेश करायच्या भानगडीत पडत नाही. वाकायला माणूस नाही, ही अडचण दोघांची सारखीच. फरक एवढाच, की आमच्या बागेतली चूक शोभेला लागते आणि त्याच्या रानातली पोटाला. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, आमच्या शेतापासून तासाभराच्याही आत. तिथल्या शिवारफेरीला दादा जातो, नवं वाण आणतो, रोपवाटिकेचं तंत्र विचारून घेतो. तिथून आल्यावर यंदा त्याने विहिरीकडची पट्टी वेगळी काढली. तिथे उन्हाळी नांगरट केली नाही, कांद्याची पात जाळली नाही, रानात पसरली. तण आलं. वहिनीने ते कापून वाफ्यातच टाकलं आणि मला फोन करून सांगितलं, “ताई, तुमची पट्टी लई घाण दिसतीय.” मी म्हटलं, घाण दिसू दे. खालच्यांना जेवण दिसतंय.

पुढच्या पावसात त्या पट्टीत ताग पेरायचं ठरलंय. फुलावर यायच्या आत तो आडवा करायचा, म्हणजे जमिनीला हिरवं खत आणि सूक्ष्मजीवांना दोन-तीन महिन्यांची बेगमी. माझा आग्रह, ताग चिरडून वरच ठेवावा. दादाचं म्हणणं, त्या काडात कांद्याचं रोप लावायला कुठली बाई बोटं घालेल? हे बरोबर होतं. बाकी सगळी बोलणी झाली, खर्च निघाला, बियाण्याचं ठरलं, तरी रोटरवर गाडी अडून राहिली. शेवटी तो म्हणाला, “एकच पाळी. वरच्यावर. वाफसा बघून. चालेल का तुझ्या जिवाणूंना?”

मी म्हटलं, एकदा चालेल.